किती पैकी किती? : क्रीडापानावरून आरोग्याच्या बातमीकडे

वर्तमानपत्राच्या कचेरीत क्रीडा विभाग आणि आरोग्यावर लिहिणारी माणसं यांची फारशी ऊठबस नसते. क्रीडावाले संध्याकाळी उगवतात आणि शेवटची आवृत्ती छपाईला गेली की घरी जातात. सामन्याचा निकाल त्याच रात्री लागतो, दुसऱ्या दिवशी नवा सामना असतो. आरोग्याच्या बातमीचं तसं नाही. एखादं औषध खरोखर चांगलं की नाही हे कळायला कित्येक वर्षं जातात आणि त्यानंतरही तज्ज्ञांचं एकमत होतंच असं नाही. त्यामुळे एखादा क्रीडा पत्रकार आरोग्याकडे वळला किंवा आरोग्य विभागाचा संपादक झाला की लोक भुवया उंचावतात. वैद्यकाचं शिक्षण नाही, आयुष्य मैदानाच्या कडेला गेलं, आता हा माणूस रोगांबद्दल काय सांगणार?

शंका रास्त आहे आणि एका खऱ्या कारकिर्दीच्या आधारानं तिची तड लावता येते. अ‍ॅलन श्वार्झ हे अमेरिकेतले बेसबॉलचे लेखक. 2007च्या जानेवारीपासून त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये अमेरिकी फुटबॉल आणि मेंदूची इजा या विषयावर शंभराहून अधिक बातम्या लिहिल्या. या कामासाठी 2011मध्ये ‘टाइम्स’ पुलित्झर पुरस्काराच्या लोकसेवा विभागात अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. पुढे श्वार्झ शाळकरी मुलांमधल्या एडीएचडी या निदानाकडे वळले. खेळाच्या पानावर लागलेल्या कोणत्या सवयी अशा माणसाला आरोग्याच्या बातमीत कामी येतात, कोणत्या सोडाव्या लागतात आणि असा मजकूर मेजावर आला की संपादक तो कसा पारखतो, हे आता क्रमानं पाहू.

भागाकाराची शाळा

श्वार्झ यांनी पेनसिल्वेनिया विद्यापीठातून गणिताची पदवी घेतली आणि नंतर ‘बेसबॉल अमेरिका’ या नियतकालिकासाठी बरीच वर्षं लिहिलं. 2004मध्ये त्यांचं ‘द नंबर्स गेम’ हे पुस्तक आलं. त्यात बेसबॉलमधल्या आकडेवारीचा इतिहास आहे. बेसबॉलला आकड्यांचं वेड लागलं त्यात क्रिकेटचाही हात आहे. त्या खेळाचा धावफलक रूढ करणारा हेन्री चॅडविक हा एकोणिसाव्या शतकातला वार्ताहर जन्मानं इंग्लिश होता आणि बेसबॉलकडे येण्याआधी न्यूयॉर्कच्या परिसरात क्रिकेटच्या बातम्या देत होता.

आकड्यांची ही तालीम नेमकी कसली, ते आपल्याकडच्या उदाहरणानं समजतं. सुनील गावसकर यांच्या कसोटी धावा 10,122 आणि सरासरी 51.12. ते फलंदाजीला उतरले 214 डावांत. 10,122ला 214नं भागलं तर उत्तर 47.30 येतं. मग 51.12 कुठून आलं? ते 16 डावांत नाबाद राहिले, म्हणून भागायचं ते 198नं. दोन्ही भागाकार बिनचूक आहेत, फक्त खाली कोणता आकडा घ्यायचा याचा नियम वेगळा आहे. क्रीडा पत्रकाराला हा नियम विसरून चालत नाही, कारण चुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी वाचकांचे फोन सुरू होतात.

आरोग्याच्या बातम्यांत नेमकी हीच जागा बहुतेक वेळा रिकामी असते. ‘अमुक आजाराचे चाळीस रुग्ण सापडले’ हा अंश झाला. किती लोकांना तपासलं, त्यांना कसं निवडलं, किती काळात सापडले, हा छेद. छेदाशिवाय चाळीस हा आकडा मोठा की लहान हे ठरवताच येत नाही. ज्यानं उमेदवारीची वर्षं ‘किती पैकी किती’ हे विचारण्यात घालवली, त्याला बातमी वाचता वाचता ही रिकामी जागा खटकते.

टीप आली कुठून

अमेरिकी फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. हेल्मेट आणि पॅड चढवलेले धिप्पाड खेळाडू प्रत्येक चालीत एकमेकांवर आदळतात. या धडकांत डोक्याला मार बसून मेंदू कवटीच्या आत हलतो. खेळाडू क्षणभर भांबावतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, कधी शुद्धही हरपते. याला कन्कशन म्हणतात. 2006पर्यंत क्रीडापानावर त्याची नोंद घोट्याच्या दुखापतीसारखी एका ओळीत व्हायची.

ख्रिस नोविन्स्की हार्वर्डच्या संघातून फुटबॉल खेळले होते. नंतर ते व्यावसायिक कुस्तीत उतरले आणि डोक्याला बसलेल्या माराचे परिणाम जाईनात म्हणून त्यांना कुस्ती सोडावी लागली. 2006मध्ये याच विषयावर त्यांचं ‘हेड गेम्स’ हे पुस्तक आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फिया ईगल्स संघाचे माजी खेळाडू आंद्रे वॉटर्स यांनी फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे आत्महत्या केली. त्यांचं वय 44 होतं. त्यांच्या मेंदूचे नमुने पिट्सबर्गचे डॉ. बेनेट ओमालू यांच्याकडे तपासणीसाठी जातील अशी खटपट नोविन्स्की यांनी कुटुंबाशी बोलून केली. वॉटर्स यांच्या मेंदूची झीज 85 वर्षांच्या, अल्झायमरच्या सुरुवातीच्या अवस्थेतल्या माणसासारखी दिसते, असं ओमालू यांनी सांगितलं. हा निष्कर्ष घेऊन नोविन्स्की श्वार्झ यांच्याकडे गेले. श्वार्झ तेव्हा ‘टाइम्स’च्या नोकरीतही नव्हते, बाहेरून लिहीत होते. 18 जानेवारी 2007 रोजी ही बातमी पहिल्या पानावर आली आणि नंतर वर्तमानपत्रानं त्यांना नोकरीत घेतलं.

आरोग्यातली मोठी बातमी अनेकदा रुग्णालयाच्या पत्रकार परिषदेत न मिळता आधीच्या बीटवरच्या, म्हणजे नेमून दिलेल्या बातमीक्षेत्रातल्या, ओळखीतून मिळते. खेळाडू डॉक्टरला जे सांगत नाही, ते तो वर्षानुवर्षं भेटणाऱ्या वार्ताहराला सांगतो. आरोग्य विभागात आलेल्या क्रीडा पत्रकाराची खरी पुंजी म्हणजे त्याची जुनी फोनवही.

एका मेंदूवरून किती सांगायचं

टीप मिळाली म्हणजे बातमी झाली, असं नाही. आधी सांगणारा कोण, ते पाहायचं. ओमालू हे नायजेरियात जन्मलेले मेंदूविकृतितज्ज्ञ. 2002मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सचे गाजलेले खेळाडू माइक वेबस्टर वयाच्या 50व्या वर्षी वारले तेव्हा त्यांचं शवविच्छेदन ओमालू यांच्याकडे आलं. मेंदू नुसत्या डोळ्यांना ठाकठीक दिसत होता. तिथेच थांबले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. त्यांनी मेंदू रसायनात मुरवून घट्ट केला, त्याचे कागदाहून पातळ काप काढवून घेतले आणि टाऊ नावाचं प्रथिन रंगवून दाखवणारा रंग दिला. सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी डाग दिसले. अल्झायमरमध्येही टाऊ साठतं, पण तिथे त्याची मांडणी वेगळी असते. डोक्यावर वारंवार आघात झाल्यानंतर दिसणाऱ्या या झिजेला क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, थोडक्यात सीटीई, म्हणतात. वेबस्टर यांच्यावरचा शोधनिबंध 2005मध्ये ‘न्यूरोसर्जरी’ या नियतकालिकात छापून आला.

दुसरा प्रश्न, हे तज्ज्ञ-परीक्षणातून गेलं आहे का? वेबस्टर यांच्याबाबतचा निष्कर्ष गेला होता, वॉटर्स यांच्याबाबतचा मात्र वर्तमानपत्रातच प्रथम आला. अशा वेळी जबाबदार बातमी दावा तज्ज्ञाच्या नावावर ठेवते. ‘सिद्ध झालं’ म्हणत नाही, अमुक डॉक्टरांना असं आढळलं म्हणते आणि स्वतंत्र जाणकारांना विचारते.

तिसरा प्रश्न, दुसरा कुठला पुरावा आहे? इथे क्रीडापानाचं जुनं कात्रण कामाला आलं. 1994मध्ये वॉटर्स यांनी फिलाडेल्फियाच्या एका दैनिकाला सांगितलं होतं की कन्कशन किती झाली ते पंधरानंतर मोजायचं सोडून दिलं, कुणाला काही न बोलता उग्र वासाचे क्षार हुंगून पुन्हा मैदानात उतरायचो. त्या दिवशी हा मजकूर खेळाडूच्या जिगरीचा किस्सा म्हणून वाचला गेला असणार. बारा वर्षांनी तोच मजकूर वैद्यकीय इतिहासाचा कागद ठरला. जुनी क्रीडापानं अशा नोंदींनी भरलेली आहेत. वाचणाऱ्याची नजर बदलली की त्यांचा अर्थ बदलतो.

समितीवर कोण बसलंय

नॅशनल फुटबॉल लीगनं, म्हणजे एनएफएलनं, 1994मध्ये मेंदूच्या सौम्य इजांचा अभ्यास करायला समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष डॉ. एलियट पेलमन हे न्यूयॉर्क जेट्स संघाचे डॉक्टर होते आणि त्यांचं विशेष शिक्षण संधिवाताचं होतं. या समितीचे शोधनिबंध प्रसिद्ध होत गेले. व्यावसायिक खेळाडूंना कन्कशनमुळे दीर्घकालीन हानी होत नाही, असा त्यांचा एकूण सूर होता. ओमालू यांचा निबंध मागे घ्यावा, अशी मागणीही समितीतल्या डॉक्टरांनी केली.

इथे क्रीडा पत्रकाराला एक अडचण असते आणि एक सोय. अडचण अशी की त्याची भाकरी संघावर अवलंबून असते. ड्रेसिंग रूमची दारं बंद झाली तर त्याची बीट संपली. बेसबॉलवर लिहिणाऱ्या श्वार्झ यांना फुटबॉल संघांच्या दारात ताटकळायचं नव्हतं, म्हणून ही भीती त्यांना कमी होती. सोय अशी की कोण कोणाच्या पगारावर आहे हे क्रीडा पत्रकाराला पाठ असतं. संघाचा डॉक्टर संघाचा नोकर असतो, हे त्याला शिकवावं लागत नाही. आरोग्याच्या बातमीत यालाच हितसंबंध म्हणतात. औषधाची चाचणी कोणी केली, पैसे कोणाचे, डॉक्टरांना कंपनीकडून मानधन मिळतं का, हे प्रश्न त्याच जातीचे.

या समितीच्या कामाची खरी चिरफाड 2016मध्ये झाली. श्वार्झ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1996 ते 2001 या काळातली समितीची आकडेवारी त्या काळात जाहीर झालेल्या दुखापतींच्या याद्यांशी ताडून पाहिली. सगळ्या नोंदी घेतल्याचा समितीचा दावा होता. प्रत्यक्षात निदान झालेली शंभराहून अधिक कन्कशन तिच्या हिशेबात नव्हती. स्टीव्ह यंग आणि ट्रॉय एकमन यांच्यासारख्या तारांकित खेळाडूंच्या काही दुखापतीही गळाल्या होत्या. लीगनं या बातमीवर जोरदार आक्षेप घेतला. पण ताडून पाहण्याची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुखापतींची यादी हा क्रीडापानावरचा सर्वांत रुक्ष मजकूर, आणि त्यानंच वैद्यकीय नियतकालिकातल्या छेदाला भोक पाडलं.

6.1 आणि 1.2

एकेका मेंदूवरून खेळाबद्दल निकाल देता येत नाही, हे समितीचं म्हणणं तत्त्वतः चुकीचं नव्हतं. त्यासाठी मोठ्या संख्येनं माणसं विचारात घ्यायला हवीत. तसा अभ्यास लीगच्याच पैशानं मिशिगन विद्यापीठानं केला आणि सप्टेंबर 2009मध्ये श्वार्झ यांनी तो वाचकांपुढे आणला. 1,063 निवृत्त खेळाडूंची फोनवर मुलाखत घेतली होती. डॉक्टरांनी तुम्हाला डिमेन्शिया, अल्झायमर किंवा स्मरणशक्तीचा अन्य आजार असल्याचं कधी सांगितलंय का, हा त्यातला एक प्रश्न. पन्नाशी ओलांडलेल्या खेळाडूंपैकी 6.1 टक्के हो म्हणाले. देशातल्या त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण 1.2 टक्के होतं, म्हणजे सुमारे पाचपट. 30 ते 49 या वयोगटात खेळाडूंमध्ये 1.9 टक्के आणि इतरांत 0.1 टक्का, म्हणजे 19 पट.

‘19 पट’ हा आकडा मथळ्यात बसायला उतावीळ असतो. संपादकानं तिथे क्षणभर हात आखडता घ्यायचा. 0.1 टक्का म्हणजे हजारात एक. इतक्या छोट्या आकड्याला कशानंही गुणलं तरी पट मोठी दिसते. तरुण खेळाडूंतही हजारी 19, म्हणजे उरलेले 981 हो म्हणालेले नाहीत. शिवाय ही माहिती फोनवर सांगितलेली, तपासून केलेलं निदान नव्हे. लीगनं हेच म्हटलं आणि ते खरंही होतं. मग बातमी पडली का? नाही. दोन्ही गटांना प्रश्न सारखाच होता आणि फरक दोन्ही वयोगटांत एकाच दिशेनं होता. मर्यादा सांगूनही बातमी उभी राहते का, ही तिची खरी कसोटी.

महिन्याभरात, 28 ऑक्टोबर 2009 रोजी, अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे सुनावणी झाली. लीगची भूमिका जुन्या तंबाखू कंपन्यांसारखी असल्याचं एका सदस्येनं तिथे सुनावलं. डिसेंबरमध्ये लीगच्या प्रवक्त्यानं श्वार्झ यांच्याकडेच मान्य केलं की कन्कशनमुळे दीर्घकालीन त्रास होऊ शकतो.

हेल्मेटवरचा शिक्का

2010मध्ये श्वार्झ यांनी हेल्मेटचा विषय घेतला. आरोग्याच्या बातमीत वस्तू कशी तपासावी याचा तो चांगला धडा आहे. अमेरिकेतल्या फुटबॉल हेल्मेटवर एका मानक संस्थेचा शिक्का असतो आणि पालक तो पाहून निर्धास्त होतात. हा शिक्का तेव्हा मिळायचा कसा? मानवी डोक्याच्या आकाराच्या साच्यावर हेल्मेट चढवून तो कमाल पाच फुटांवरून रबरी ठोकळ्यावर आपटायचे आणि साच्यातल्या यंत्रानं धक्का मोजायचे. धक्का ठरलेल्या मर्यादेत असला की हेल्मेट उत्तीर्ण.

ही कसोटी 1973मध्ये ठरली ती कवटी फुटू नये म्हणून. तेव्हा मैदानावर कवटी फुटून मुलं दगावत होती आणि या मानकामुळे ते मृत्यू खूपच कमी झाले. म्हणजे शिक्का खोटा नव्हता. पण कन्कशन होतं ते मेंदू कवटीत हलल्यामुळे, गरकन फिरल्यामुळे. त्याची परीक्षा या कसोटीत नव्हतीच. कवटी वाचवणारं हेल्मेट मेंदूही वाचवील, हे पालकांनी परस्पर गृहीत धरलं होतं.

‘मान्यताप्राप्त’ हा शब्द दिसला की आरोग्य संपादक विचारतो, कशासाठी मान्यताप्राप्त? औषध रक्तदाब कमी करण्यासाठी मान्य झालं असेल, त्यामुळे हृदयविकाराचे झटके कमी होतात हे वेगळं सिद्ध व्हावं लागतं.

क्रीडापानावरच्या सवयी ज्या सोडाव्या लागतात

इथवर क्रीडा पत्रकाराच्या जमेच्या बाजू पाहिल्या. आता वजाबाकी.

पहिली सवय निकालाची. क्रीडा वार्ताहर सामना संपत आला की दोन मथळे तयार ठेवतो, जिंकलो तर हा आणि हरलो तर तो. वैद्यकीय संशोधनात बरोबरीचे सामने फार. ‘फरक आढळला नाही’ हाही महत्त्वाचा निष्कर्ष असतो, आणि तो रंगतदार करायच्या मोहात बातमी बिघडते.

दुसरी, विक्रमाची. खेळात पहिला, सर्वाधिक, सर्वांत जलद ही बातमीची इंधनं. आरोग्यात ‘प्रथमच’ म्हणजे बहुधा ‘अजून कोणी पडताळलेलं नाही’. मोठी वैद्यकीय नियतकालिकं शोधनिबंध काही दिवस आधी पत्रकारांना देतात, ठरलेल्या तासापर्यंत छापायचं नाही या अटीवर. त्याला एम्बार्गो म्हणतात. हा वेळ असतो तो निबंध मुळातून वाचायला आणि बाहेरच्या जाणकाराला विचारायला. नुसतं प्रसिद्धिपत्रक वाचून थांबणाऱ्याचा एम्बार्गो फुकट जातो.

तिसरी, टक्केवारीची भाषा. 1995मध्ये ब्रिटनमध्ये सरकारी इशारा आला की नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गाठींचा धोका दुप्पट होतो. वर्तमानपत्रांनी ‘दुप्पट’ उचललं. मूळ आकडे होते जुन्या गोळ्यांवर सात हजारांत एक आणि नव्या गोळ्यांवर सात हजारांत दोन. घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 13,000 गर्भपात वाढल्याचा अंदाज आहे. गरोदरपणात गाठींचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो. एकही आकडा खोटा नव्हता, तरी बातमीनं नुकसान केलं. खेळात चुकीचा आकडा छापला तर वाचक चिडतो, इथे तो औषध बंद करतो.

चौथी, दुखापत ही सार्वजनिक वस्तू मानण्याची. संघ दर आठवड्याला कोणाचा गुडघा, कोणाचा खांदा हे जाहीर करतो आणि आपण ते छापतो. रुग्णाचा आजार मात्र त्याचा स्वतःचा. तो छापायचा तर त्याची किंवा कुटुंबाची संमती हवी, आणि संमती देताना उद्या शेजारी, नोकरी देणारा, मुलांचे शिक्षक हे वाचतील याची त्यांना कल्पना हवी.

पाचवी, एका कारणाची गोष्ट सांगण्याची. शेवटच्या षटकातल्या झेलामुळे सामना गेला, असं क्रीडापानावर चालतं. आत्महत्येच्या बातमीत एक कारण सांगणं घातक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेची माध्यमांसाठीची मार्गदर्शक सूत्रं सांगतात. भारतीय प्रेस कौन्सिलनंही 2019मध्ये तशीच सूत्रं स्वीकारली. मेंदूत सीटीई सापडलं म्हणजे मृत्यूचं कारण सापडलं असं होत नाही. नैराश्य, कर्ज, घरातले ताण, व्यसन यांचा गुंता सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही.

दुसरा विषय, तीच रीत

फुटबॉलनंतर श्वार्झ यांनी एडीएचडी हा विषय घेतला. लक्ष न लागणं, अतिचंचलता यांवरून केलं जाणारं हे निदान. 2013मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासोबत अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या सर्वेक्षणातली कच्ची आकडेवारी मिळवून तिचं विश्लेषण केलं. 76,000हून अधिक पालकांशी फोनवर बोलून ती जमवलेली होती. 4 ते 17 वयोगटातल्या 11 टक्के, म्हणजे सुमारे 64 लाख मुलांना कधी ना कधी हे निदान मिळालं होतं. 2007पासूनची वाढ 16 टक्के होती. शाळकरी वयातल्या मुलग्यांत प्रमाण 15 टक्के, मुलींत 7.

11 टक्क्यांच्या वाक्यातले ‘कधी ना कधी’ हे शब्द गाळले तर बातमीचा अर्थ बदलतो. आज इतकी मुलं आजारी आहेत, असं हा आकडा सांगत नाही. इतक्या पालकांच्या कानावर हे निदान आलं, एवढंच सांगतो. श्वार्झ यांचा मुद्दाही निदान कसं वाटलं जातं हाच होता. औषध कंपन्यांनी या आजाराचा बाजार कसा उभा केला, यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यांनी मोठा लेख लिहिला आणि 2016मध्ये ‘एडीएचडी नेशन’ हे पुस्तक. आजार खरा आहे आणि काही मुलांना औषधानं फायदा होतो, हे मान्य करूनच त्यांनी अतिनिदानावर बोट ठेवलं. तरी काही तज्ज्ञांना त्यांची मांडणी एकांगी वाटली. फुटबॉलमध्ये डॉक्टर धोका नाकारत होते, इथे तो फुगवला जात होता. दिशा उलटी होती, पण छेद तपासायची रीत तीच राहिली.

संपादकाच्या मेजावर

वार्ताहराचा मजकूर संपादकाकडे येतो तेव्हा त्यानं काय पाहायचं? अमेरिकेत गॅरी श्वित्झर यांनी 2006मध्ये सुरू केलेल्या ‘हेल्थ न्यूज रिव्ह्यू’ या उपक्रमानं आरोग्याच्या बातम्या दहा निकषांवर तपासल्या. त्यांचा गाभा असा: खर्च सांगितला आहे का, फायदा आकड्यांत आहे का, तोटे आहेत का, पुराव्याचा दर्जा काय, साध्या तक्रारीला रोगाचं रूप तर दिलेलं नाही ना, स्वतंत्र जाणकार आणि हितसंबंध आहेत का, दुसरे उपाय सांगितले आहेत का, उपचार मिळतो का, तो खरोखर नवा आहे का, आणि बातमी निव्वळ प्रसिद्धिपत्रकावर तर बेतलेली नाही ना.

एका उदाहरणावर हे चालवून पाहू. जुलै 2017मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या डॉ. अ‍ॅन मकी आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दान केलेल्या 202 फुटबॉलपटूंच्या मेंदूंपैकी 177 मध्ये सीटीई आढळलं. त्यांतल्या 111 एनएफएल खेळाडूंपैकी 110 मध्ये. वार्ताहर मथळा लिहून आणतो: ‘फुटबॉलपटूंपैकी 99 टक्क्यांना मेंदूविकार’.

संपादक पहिली काट ‘फुटबॉलपटूंपैकी’वर मारतो. हे मेंदू आले कुठून? कुटुंबांनी दान केले. त्यांनी ते केले कारण घरातल्या माणसाचं विसरणं, चिडणं, ढासळणं त्यांनी पाहिलं होतं. ज्यांना काही झालं नाही त्यांचे मेंदू या 111 मध्ये क्वचितच असणार, आणि संशोधकांनी स्वतःच ही मर्यादा निबंधात लिहिली होती. मग बातमी फुसकी ठरते का? पुढचा भागाकार करू. मेंदूंचा हा संग्रह सुरू झाल्यापासून सुमारे 1,300 माजी एनएफएल खेळाडू वारले होते. न तपासलेल्या एकालाही सीटीई नव्हतं असं धरलं, म्हणजे लीगला सर्वांत अनुकूल गृहीत, तरी 1,300 पैकी 110 म्हणजे साधारण साडेआठ टक्के. खरं प्रमाण साडेआठ आणि 99 यांच्या मध्ये कुठेतरी. मथळा पडला, पण त्याच्या जागी आलेलं वाक्य अधिक भक्कम आहे, कारण ते कोणी खोडू शकत नाही.

‘99 टक्के’ छापणारा आणि ‘दान केलेल्या मेंदूंत काय अर्थ आहे’ म्हणून बातमी टाकून देणारा, दोघेही छेदाशी बेफिकीर असतात. संपादकाचं काम दोघांना अडवायचं.

बातमीनं काय बदललं

वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेड हा 13 वर्षांचा मुलगा 2006मध्ये डोक्याला मार बसल्यानंतर पुन्हा मैदानात उतरला आणि जबर जखमी झाला. 2009मध्ये त्याच्या नावानं तिथे कायदा झाला: कन्कशनचा संशय आला की खेळाडूला बाहेर काढायचं आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही. 2014पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत या धर्तीचे कायदे आले. निवृत्त खेळाडूंनी लावलेल्या दाव्यात एनएफएलनं सुमारे एक अब्ज डॉलरच्या घरातली तडजोड केली.

क्रिकेटपर्यंतही हा विचार पोहोचला. ऑगस्ट 2019पासून कसोटीसह आंतरराष्ट्रीय सामन्यांत कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येतो. डिसेंबर 2020मध्ये कॅनबेराच्या टी-20 सामन्यात रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू लागला आणि बदली आलेल्या युझवेंद्र चहलनं तीन बळी घेतले. चहलची निवड योग्य होती का, यावर आपल्याकडे तावातावानं वाद झाले. डोक्यावर चेंडू लागलेल्या खेळाडूनं लगेच मैदानात उतरणं योग्य का, यावर त्या मानानं कमीच बोललं गेलं.

आज एखाद्या क्रीडा वार्ताहराला आरोग्याच्या बातमीकडे वळायचं असेल तर सुरुवात शरीरशास्त्राच्या जाडजूड पुस्तकापासून करायची गरज नाही. संज्ञा विचारता येतात, डॉक्टर समजावून सांगतात. शोधनिबंध हाती आला की निष्कर्षाच्या परिच्छेदाआधी पद्धतीचा भाग आणि पहिला तक्ता वाचायचा. किती माणसं घेतली, कुठून घेतली, मधेच किती गळाली, पैसे कोणी दिले, हे तिथे असतं. सीटीईचं पक्कं निदान मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. त्यामुळे आज खेळणाऱ्या किती जणांच्या मेंदूत ते सुरू झालं आहे, हा आकडा कोणाकडेच नाही. तो असल्यासारखं कोणी बोलू लागलं, मग तो डॉक्टर असो, संघ असो की वर्तमानपत्र, तर ‘किती पैकी किती’ हे त्याला विचारलंच पाहिजे.